वाचक विचारतात : माटोळीतले काजवे आणि बिनतारी चार्जिंग

तारेशिवायचे चार्जिंग पुढे कुठवर जाईल, याबद्दल मनात येईल ती कल्पना लिहून पाठवा, कितीही अचाट असली तरी चालेल, असे आवाहन मागच्या अंकात केले होते. गोव्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून पत्रे आली. त्यातली आठ इथे घेतली आहेत. काही कल्पना आजच घरी करून पाहता येतील, काहींना अजून वाट पाहावी लागेल, आणि एक-दोन निसर्गनियमापुढे थांबतात. प्रत्येकीचा हिशेब मात्र पूर्ण मांडला आहे.

वाचताना दोन आकडे हाताशी ठेवा. सध्याच्या फोनमधल्या ५००० एमएएच बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. वीजबिलातल्या एका युनिटचा हा जेमतेम पन्नासावा भाग. दुसरा आकडा दर वेळी स्वतः काढायचा असतो : पॅडमध्ये एक आणि फोनमध्ये एक असे तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, असते; त्या दोन कॉइलमधले अंतर भागिले कॉइलचा व्यास. उत्तर ०.२ च्या आत आले तर काम सहज होते. १ च्या जवळ आले तर खटपट करावी लागते. त्यापुढे कॉइलचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने विरते, अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठपट घटते.

प्रश्न (फोंडा) : फोनच्या कव्हरमागे मी देवीचे तांब्याचे छोटे यंत्र आणि २ रुपयांचे एक नाणे ठेवते. बिनतारी पॅडवर फोन ठेवला की दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग बंद पडते. नाण्यालाही चार्ज करणारा पॅड कधी निघेल का?

उत्तर : तुमचा पॅड नाण्यालाच चार्ज करू लागला होता, म्हणून तर तो थांबला. पॅडच्या कॉइलमधून सेकंदाला एक ते दोन लाख वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. वर फोनची कॉइल असेल तर हे बदलते क्षेत्र तिच्यात वीज निर्माण करते. मध्ये धातू आला तर त्याच धातूत प्रवाहाचे भोवरे फिरू लागतात आणि तो तापतो. हल्लीची १ आणि २ रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत, लोहचुंबक त्यांना चिकटतो. अशा धातूत ही उष्णता विशेष मुरते. एवढ्याशा नाण्यात एक वॅट जरी गेला तरी काही मिनिटांत ते चटका देण्याइतके गरम होते.

पॅडला हे कसे कळते? फोन पॅडशी सतत बोलत असतो. आपल्या कॉइलवरचा भार किंचित कमीजास्त करून तो त्याच चुंबकीय क्षेत्रातून निरोप पाठवतो : ‘मला इतके वॅट मिळाले.’ पॅडने सोडलेले वॅट आणि फोनला मिळालेले वॅट यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक दिसला की पॅड समजतो, मध्ये तिसरा कोणी जेवायला बसला आहे, आणि पुरवठा तोडतो. हा सगळा करार ‘ची’ नावाच्या मानकात लिहिलेला आहे. त्याची नवी आवृत्ती ‘ची-२’ २०२३ मध्ये आली. तिच्यात कॉइलभोवती लोहचुंबकांचे कडे असते, म्हणून फोन आपोआप बरोबर मध्यावर बसतो.

यंत्र आणि नाणे पर्समध्ये ठेवा. पितळी अंगठी, सेफ्टी पिन, एटीएम कार्ड हेही कव्हरमागे नको. कार्डातली चिप या क्षेत्राने बिघडू शकते. कव्हर ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसावे. अॅडॉप्टरही तपासा. जुना ५ व्होल्ट १ अँपिअरचा लावला असेल तर चार्जिंग फार मंद होते किंवा सुरूच होत नाही. ९ व्होल्टला निदान २.२ अँपिअर देणारा, म्हणजे २० वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) अॅडॉप्टर हवा.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिले आहे की मे महिन्यात दुपारी चार्जिंग ८० टक्क्यांवर अडते. तो बिघाड नाही. तारेने चार्ज करताना वाया जाते त्याहून बरीच जास्त ऊर्जा बिनतारी पद्धतीत उष्णता होऊन जाते, आणि त्यातली बरीचशी फोनच्या पाठीतच राहते. खोली ३४ अंशांवर असेल तर फोन बॅटरीला जपण्यासाठी स्वतःहून वेग कमी करतो किंवा थांबतो. पंख्याखाली ठेवा, कव्हर काढा, गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. पावसाळ्यात मात्र हाच पॅड तुमच्या कामी येईल. पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना फोन देतो तेव्हा तार लावायची नसते, पण पाठ कोरड्या फडक्याने पुसून पॅडवर ठेवता येते. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने पोर्टच्या पिनांवर हिरवट थर चढतो. तार कमी वेळा लावली तर तो पोर्टही जास्त टिकतो.

प्रश्न (म्हापसा) : आमच्या जुन्या घराच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) सोपे, म्हणजे बसायचे कट्टे आहेत. पाहुणा येऊन टेकला की त्याच्या खिशातला फोन आपोआप चार्ज व्हावा, आणि पाहुणा फारच लांबला तर चार्जिंग हळूच बंद करता यावे, अशी सोय होईल का?

उत्तर : बंद करण्याची सोय सर्वांत सोपी. पॅडच्या अॅडॉप्टरचा स्विच आतल्या खोलीत ठेवा. खरा प्रश्न चिऱ्याचा आहे.

चिऱ्यात लोहाचे ऑक्साइड भरपूर असते, म्हणून तो तांबडा. पण ते लोखंडासारखे चुंबकाला ओढत नाही, त्यामुळे चिरा क्षेत्र फारसा अडवत नाही. अडचण जाडीची आहे. अख्खा चिरा पंधरा-वीस सेंटिमीटर जाड असतो आणि पॅडची कॉइल साडेचार-पाच सेंटिमीटर व्यासाची. अंतर भागिले व्यास करा : ३ ते ४. काही मिळणार नाही. सोप्यावर कडप्पा बसवला असेल तरी तो १८ ते २० मिलिमीटरचा असतो, आणि साधा पॅड ५ ते ८ मिलिमीटरपलीकडे पोहोचत नाही.

करायचे असेल तर असे करा. सोप्याच्या कडेला, हात टेकतो तिथे, कडप्प्याला डायमंड कोअर बिटने ११० मिलिमीटर व्यासाचे भोक पाडून घ्या. बिटवर पाणी सोडत राहा, नाहीतर कडप्पा कडेने तडकतो. खाली चिऱ्यात ४० मिलिमीटर खोल खळगा कोरा आणि तारेसाठी २० मिलिमीटरची पीव्हीसी नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन टाका, म्हणजे पावसाचे पाणी खळग्यात साचणार नाही. पॅड खळग्यात बसवून वर ५ मिलिमीटर जाडीची सागाची किंवा अॅक्रिलिकची चकती लावा. पॅड आणि चकती यांच्यात हवेची फट ठेवू नका, तिथे गेलेला प्रत्येक मिलिमीटर पल्ल्यातून वजा होतो. चकतीच्या कडेला सिलिकॉन भरा. स्टीलचा स्क्रू किंवा पितळी पट्टी शोभेसाठीही लावू नका. दुसरा मार्ग म्हणजे टेबलाखाली चिकटवायचे लांब पल्ल्याचे पॅड. ते २० ते ३० मिलिमीटर लाकडातून चालतात, पण तेवढ्या अंतरावर वेग कमी असतो आणि नेम चुकला तर तोही मिळत नाही.

खिशातल्या फोनचे मात्र आज जमत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फोनच्या कॉइलचा मध्य पॅडच्या मध्यापासून साधारण ५ मिलिमीटरच्या आत यावा लागतो. बसलेला माणूस तेवढा तर श्वास घेतानाही हलतो. यावर उपाय म्हणजे सोपाभर एकमेकींवर चढलेल्या पुष्कळ कॉइल टाकायच्या आणि फोन जिथे असेल तेवढ्याच चालू करायच्या. अॅपलने हाच विचार करून सप्टेंबर २०१७ मध्ये ‘एअरपॉवर’ नावाची चटई जाहीर केली आणि मार्च २०१९ मध्ये ती रद्द केली. एकमेकींवर चढलेल्या कॉइल शेजारणीलाही वीज देऊ लागतात आणि सगळी चटई तापते, हे अशा रचनेचे मूळ दुखणे आहे. ज्या दिवशी ते सुटेल त्या दिवशी तुमचा सोपा तयार असेल. त्या दृष्टीने नळी आत्ताच जाड टाकून ठेवा.

प्रश्न (मडगाव) : घरात वायफाय चोवीस तास वाहत असते. त्याच लहरींवर फोन का चार्ज होऊ नये?

उत्तर : होतो, पण वेळ लागतो. किती, ते पाहू. राउटर साधारण एक दशांश वॅट एवढी लहर सोडतो. ३ मीटरवर ती ११३ चौरस मीटरच्या गोलावर पसरलेली असते आणि फोनच्या अँटेनाला त्यातला सुमारे १२ चौरस सेंटिमीटरचा घास मिळतो. हाती येतो वॅटचा दहा लाखावा भाग. या वेगाने १९ वॅट-तास भरायला सुमारे २००० वर्षे लागतील, आणि बॅटरी आपोआप झिरपते तो वेग याहून जास्त आहे.

पण लहरीवर जगणारे एक उपकरण तुमच्या गाडीच्या काचेवर आधीच चिकटवलेले आहे : फास्टॅग. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरचे वाचक यंत्र (रीडर) ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची लहर टाकते, तिच्यातूनच चिपला जाग येते, ती आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा झोपते. मायक्रोवॅटमध्ये भागणारी कामे, जसे टाकीतल्या पाण्याची पातळी किंवा कुंडीतला ओलावा सांगणारा सेन्सर, या मार्गाने होतील. फोनची भूक त्यापेक्षा लाखो पटींनी मोठी आहे.

प्रश्न (वाळपई) : चवथीला गणपतीवर माटोळी, म्हणजे फळे टांगलेली लाकडी चौकट, बांधताना मुलांनी हट्ट धरला आहे की प्रत्येक फळाजवळ काजव्यासारखा दिवा हवा, पण तार दिसता कामा नये आणि सेल बदलायला रोज स्टुलावर चढणे नको. जमेल का?

उत्तर : जमेल, आणि या अंकातली आम्हाला सर्वांत आवडलेली कल्पना हीच. इथे कॉइल लहान नाही, माटोळीएवढी आहे. व्यास मोठा झाला की पल्लाही मोठा होतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २ मीटरवरचा ६० वॅटचा दिवा तारेशिवाय पेटवला, तेव्हाही त्यांनी सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाच्या, एकाच सुरात (एकाच वारंवारतेला) लावलेल्या कॉइल वापरल्या होत्या. जवळपास ४० टक्के ऊर्जा पोहोचली. तुम्हाला तर दिव्यामागे दोन-तीन मिलिवॅटच हवेत.

पाठवणारी बाजू : माटोळीची लाकडी चौकट १ मीटर बाय १ मीटर धरली आहे. चौकटीच्या वरच्या बाजूने १.५ चौरस मिलिमीटरच्या घरगुती मल्टीस्ट्रँड वायरचे ३ वेढे घ्या, एकमेकांना चिकटून. सुमारे साडेबारा मीटर वायर लागेल. अशा वेढ्याचे इंडक्टन्स ४० मायक्रोहेन्रीच्या आसपास येते. दोन टोकांमध्ये ६८ नॅनोफॅरडचा, २५० व्होल्ट किंवा जास्त क्षमतेचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लावा. दुकानदार हिरवा पॉलिएस्टर देऊ लागला तर घेऊ नका, इतक्या वेगाच्या प्रवाहात तो तापून फुगतो. हे जोडकाम ९५ ते १०० किलोहर्ट्झवर सूर धरते. चालवायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात झेडव्हीएस नावाने मिळणारे छोटे ड्रायव्हर बोर्ड आणि २४ व्होल्ट ३ अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घ्या. बोर्डावर आधीचे कपॅसिटर असतील तर ते काढावे लागतात, नाहीतर सूर खाली उतरतो. वेढ्यातून साधारण २ अँपिअर फिरतात आणि कपॅसिटरवर ७५ व्होल्टपर्यंत उंची जाते. पुरवठा २४ व्होल्टचाच असला तरी हे टोक झटका देते. ते प्लास्टिकच्या डबीत बंद करा.

घेणारी बाजू : ०.२ मिलिमीटरची एनॅमल वायर ३० मिलिमीटरच्या बाटलीच्या बुचावर १०० वेढे गुंडाळा आणि कडे सोडवून धाग्याने चार ठिकाणी बांधा. दोन टोकांवर ६.८ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि त्याच टोकांवर दोन एलईडी एकमेकांना उलटे जोडा. दोन अशासाठी की प्रवाह दोन्ही दिशांनी येतो. एकच लावला तर उलट दिशेचा ताण त्यालाच सोसावा लागतो. मध्यभागी या कड्याला तीनेक मिलिवॅट मिळतात. दिवसा ते कुणाच्या लक्षात येणार नाही, संध्याकाळी समईच्या उजेडात मात्र अगदी काजवा दिसेल.

हमखास चुकणाऱ्या गोष्टी आता सांगतो. कडे आडवे राहिले पाहिजे, म्हणजे वरच्या चौकटीला समांतर. नारळाला बांधताना ते उभे झाले की दिवा विझतो. काही दिवे मंद लागले तर त्यांचा सूर हुकला आहे. १ नॅनोफॅरडचा जादा कपॅसिटर समांतर लावून पाहा. उजेड वाढला तर ठेवा, घटला तर कड्याचे दोन-चार वेढे सोडवा. फळातल्या पाण्याचा या वारंवारतेवर काही परिणाम होत नाही, तोरिंजण असो की काकडी. लोखंडाच्या बाइंडिंग वायरने फळे बांधली असतील तर मात्र तिचा प्रत्येक बंद फास आपापला वाटा गिळतो. जुनी माणसे केवणीच्या दोराने बांधायची ती पद्धत इथे उत्तम. चौकट पत्र्याच्या छताला किंवा लोखंडी खिळ्यांच्या रांगेला टेकलेली नको.

वेढ्यापासून ५ सेंटिमीटरवर चुंबकीय क्षेत्र २६ मायक्रोटेस्लाच्या (या क्षेत्राच्या मापाच्या) घरात जाते. सर्वसामान्यांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा या वारंवारतेला २७ आहे. माटोळीच्या मध्यभागी ते साडेसातवर येते. डोके वेढ्याला लागणार नाही इतकी उंची हवीच, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी आरतीला माटोळीखाली बसू नये, किंवा तेवढा वेळ स्विच बंद ठेवावा. शेजारी मीडियम वेव्ह रेडिओ लावला तर त्यात खरखर येईल.

प्रश्न (माशेल) : दिवाळीच्या पहाटे जाळायचा आमच्या मंडळाचा नरकासुराचा पुतळा मान फिरवतो. डोळ्यांतल्या दिव्यांची तार दर वर्षी पहाटेपर्यंत पिळून तुटते. फिरत्या मानेत वीज कशी न्यावी?

उत्तर : बिनतारी चार्जिंगचे मॉड्यूल याच कामासाठी जन्मले असावे असे वाटते. कॉइल गोल असतात, म्हणून एक दुसरीवर कितीही फिरली तरी जोड बदलत नाही. १२ व्होल्ट घेऊन ५ व्होल्ट ६०० मिलिअँपिअरपर्यंत देणारी पाठवणी-घेणी मॉड्यूलची जोडी घ्या. तिच्या कॉइल साधारण ४ सेंटिमीटर व्यासाच्या असतात. पाठवणारी कॉइल धडाच्या बाजूला प्लायवर, घेणारी मानेच्या बाजूला, दोघींचे मध्य फिरण्याच्या अक्षावर. मध्ये ४ मिलिमीटर फट. ती कायम राहावी म्हणून मान आधी वजनानिशी फिरवून पाहा, कागदाचा लगदा सुकल्यावर मान खाली बसते आणि कॉइल घासतात.

अक्ष लोखंडी सळीचा असेल आणि तो कॉइलच्या मधून जात असेल तर मॉड्यूल तापेल आणि डोळे मंदावतील. त्या भागापुरता पीव्हीसी पाइप किंवा बांबू वापरा. बेअरिंग कॉइलपासून निदान ३ सेंटिमीटर दूर. डोळ्यांना १ वॅटचे दोन लाल एलईडी, प्रत्येकाला स्वतंत्र १५ ओहम १ वॅटचा रेझिस्टर. एकूण पावणेचारशे मिलिअँपिअर जातील, म्हणजे मॉड्यूलला दम घ्यायला जागा राहते. एलईडीच्या पट्ट्या लावायचा मोह होईल. नेहमीची ६० दिव्यांची पट्टी मीटरला १४ वॅट मागते, ती यावर चालणार नाही.

पहाटे जाळण्याआधी मान उतरवून मॉड्यूल, एसएमपीएस आणि बॅटरी काढा. लिथियम बॅटरी आत राहिली तर ती आगीत फुटते आणि तिचा धूर विषारी असतो. काढण्यासाठी मानेच्या मागे कापडाने झाकलेली हातभर खिडकी आधीच ठेवा.

प्रश्न (चोडण) : रायबंदरला जाताना फेरीबोटीच्या नुसत्या डेकवर उभे राहिले तरी सगळ्यांचे फोन भरावेत. आणि बोटीनेही धक्क्याला टेकून दोन घोट वीज प्यावी.

उत्तर : दुसरी इच्छा पहिलीपेक्षा लवकर पुरी होईल. डेक पोलादी आहे. त्यात कॉइल बसवली तर भोवऱ्यांमुळे डेकच तापेल. त्यावर फेराइटचा थर आणि अॅल्युमिनियमचे आवरण घालता येते, पण उभ्या माणसाचा खिसा डेकपासून ८० सेंटिमीटर वर असतो. कठड्यावर पाच-सहा चुंबकी पॅड लावणे जास्त शहाणपणाचे. १५ वॅटने ५ मिनिटांत, वाया जाणारी धरून, बॅटरी ४ ते ५ टक्के भरते. घरी ‘पोचलो’ म्हणून फोन करायला तेवढे पुरते.

बोटीला वीज पाजण्याचे काम नॉर्वेत झालेले आहे. ‘फोल्गेफोन’ या फेरीला २०१७ मध्ये धक्क्यावरच्या कॉइलमधून, अर्धा मीटरपर्यंतच्या फटीतून, १ मेगावॅटहून जास्त वीज देऊन दाखवली. कॉइल मोठी म्हणून फट मोठी चालली, गणित तेच. १ मेगावॅटने ३ मिनिटांत ५० युनिट भरतात. तारेचा प्लग लावायचा तर दर खेपेला एक माणूस आणि दोन मिनिटे जातात, शिवाय खाऱ्या पाण्यात उघडे तांबे लवकर खराब होते. सीलबंद कॉइलला हे दोन्ही त्रास नाहीत.

मांडवीत अडचण भरती-ओहोटीची. पाण्याची पातळी सुमारे २ मीटर वरखाली होते आणि आपल्या बोटी उताराच्या रॅम्पवर नाक टेकवतात, त्यामुळे बोट दर तासाला वेगळ्या जागी थांबते. धक्क्याच्या भिंतीत कॉइल बसवून उपयोग नाही. ती रॅम्पच्या बाजूला तरंगत्या तराफ्यावर बसवावी. तराफा आणि बोट एकाच पाण्यावर असल्याने उंचीचा फरक आपोआप मिटतो, आणि तराफा रुळावर पुढेमागे सरकला की बाजूची फट ३० सेंटिमीटरवर धरता येते. गाळ आणि जलपर्णी अडकू नये म्हणून रुळ पाण्याच्या वर असावेत.

प्रश्न (पणजी) : आल्तिनोच्या टेकडीवर एक मनोरा उभारून सगळ्या पणजीचे फोन एकदम चार्ज करता येतील का?

उत्तर : निकोला टेस्लाने १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे असाच मनोरा बांधायला घेतला होता. पैसे संपले, काम थांबले आणि १९१७ मध्ये तो पाडला. झोत वापरून दूरवर वीज जाते हे मात्र १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन येथे सिद्ध झाले. दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज मिळाली. तिथे पाठवायला २६ मीटरची डिश होती आणि घ्यायला मनोऱ्यावर अँटेनांची भिंतच्या भिंत.

तुमच्या मनोऱ्यावर १ मीटरची डिश आणि ५.८ गिगाहर्ट्झची लहर धरा. १ किलोमीटरवर झोत सव्वाशे मीटर रुंद होतो. त्यातला फोनच्या वाट्याचा भाग दहा लाखांत एक. फोनला ५ वॅट द्यायचे तर मनोऱ्याने ५ मेगावॅट सोडले पाहिजेत. तेव्हा त्या झोतात उभ्या माणसावर चौरस मीटरला ४०० वॅट पडतील, आणि आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे १० वॅट. म्हणून माणसांवर झोत टाकण्याचा विचार सोडून द्यावा. निर्जन डोंगरावरचा कॅमेरा किंवा आकाशात थांबलेला ड्रोन यांच्यासाठी तो जरूर करावा.

प्रश्न (काणकोण) : समुद्रात विजेचा झटका देणारी पाकट असते. तिला टाकीत पाळून फोन चार्ज केला तर?

उत्तर : झटका देणारी पाकट आपल्या समुद्रात आहे हे खरे. खारे पाणी वीज सहज वाहते, म्हणून तिचे विजेचे अवयव कमी व्होल्टेज आणि जास्त प्रवाह देतील असे रचलेले असतात. दक्षिण अमेरिकेतला विजेचा ईल गोड्या पाण्यात राहतो, त्याला जास्त व्होल्टेज लागते. त्याचेच उदाहरण घेऊ : ६०० व्होल्ट, १ अँपिअर, सेकंदाचा पाचशेवा भाग. एका झटक्यात १.२ जूल. फोनच्या बॅटरीत ६९ हजार जूल मावतात, म्हणजे काही वाया न जाता ५८ हजार झटके. दमलेला प्राणी तितके देऊ शकत नाही, आणि त्याला डिवचत राहणे क्रूरपणाचे आहे. रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) अशी पाकट आली तर ओल्या हाताने धरू नका. कोरड्या लाकडी काठीने सरकवून पाण्यात सोडा.